ब्रेकचा पाय

गेली एकवीस वर्षं मी विश्रांतवाडीत बायकांना चारचाकी शिकवते. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. समोर म्हैस आली की शिकणारी बाई डोळे मिटते, किंचाळते, स्टिअरिंग सोडते, देवाचं नाव घेते. ब्रेक तेवढा मारत नाही. तो मी मारायचा, उजव्या पायाने. माझ्या गाडीखाली आजवर कोंबडीसुद्धा आलेली नाही, आणि हे मी चारचौघांत कोणी न विचारता सांगते.

ही हकीकत त्या उजव्या पायाची. त्याचं साधं हाड मोडलं, आणि ते बसवायला ज्या दवाखान्यात नेलं तिथे त्याला असा जंतू लागला की औषधच लागू पडेना. हल्ली अशा पेशंटच्या घरचे लोक ओळखीतून माझा नंबर मिळवतात आणि विचारतात, "ताई, तुम्ही कसं सहन केलंत?" मी सहन वगैरे काही केलं नाही. मी शिव्या दिल्या, लाथा मारल्या, एका सिस्टरचा ओठ फोडला आणि नवऱ्याच्या थोबाडीत मारली. जसं झालं तसं लिहिते. कोणाला उपयोग झाला तर बरं, नाही झाला तर निदान माझं मन मोकळं होईल.

सिग्नलला

मी स्कूटरवर होते आणि सिग्नलला उभी होते. होय, उभी. पुण्यात लाल दिव्याला थांबणं हा जिवावरचा खेळ आहे हे मला कळायला हवं होतं. उलट्या बाजूने एक मोटरसायकलवाला आला, पाठीवर जेवणाचा चौकोनी डबा, कानात गाणी. त्याने मला आडवं केलं. स्कूटर माझ्या नडगीवर पडली आणि सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मी पडल्या पडल्या त्याची पँट धरली आणि लोक येईपर्यंत सोडली नाही.

कातडी फुटली नव्हती. रक्ताचा थेंब नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे आत शिरलं ते रस्त्यावरून आलेलं नव्हतं.

घोट्याच्या वर दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. सर्जन म्हणाले, हाडावर धातूची पट्टी टाकू, तीन महिन्यांत गाडीत बसाल. माझा नवरा अविनाश, महापालिकेत कारकून, स्वभावाने इतका मऊ की भाजीवाल्यालाही "अहो, जरा" म्हणतो, तो म्हणाला, "बघ, तीन महिने म्हणजे काहीच नाही." मी म्हटलं, "तुला काहीच नाही. माझ्या सात बायका अर्ध्या शिकून बसल्यात."

आधी त्यांच्या

ऑपरेशन झालं. दोन खाटांची खोली होती. शेजारी लोणी काळभोरच्या एक आजी होत्या, साखरेमुळे पायाला जखम झालेली. तळवा कापडात गुंडाळलेला, बोटं काळी पडलेली. स्वभावाने गोड. मी पहिल्या दिवशी कण्हत होते तर पडल्या पडल्या म्हणाल्या, "पोरी, दुखतंय व्हय? वराड की मोठ्यानं. हितं कोन ऐकतंय? माजा हा चवथा दवाखाना हाय, मला ठावं हाय."

चौथ्या दिवशी माझ्या विद्यार्थिनी भेटायला आल्या. एक नाही, अकरा. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की भेटायला गेलंच पाहिजे, आणि गेलं की खाटेवर टेकलंच पाहिजे. शहाळी आली, लाडू आले, कोणीतरी अंगारा आणला. मग एकेक जण माझ्या पाया पडायला वाकू लागली. गाडी शिकवली म्हणून मी त्यांची गुरू. मला ते आवडतं, खोटं का बोला? पण शेजारी एवढी म्हातारी बाई पडलेली, आणि माझ्या एकटीच्या पाया पडायचं, हे काही बरं दिसेना. मी फर्मान काढलं, "आधी आजींच्या पडा. त्या मोठ्या आहेत."

अकराही जणी ओळीने आजींच्या खाटेशी गेल्या. आजी हरखल्या. "औक्षवंत व्हा गं," म्हणत राहिल्या. त्यांच्या पायाच्या कापडाला हात लावून मुली माझ्याकडे आल्या आणि माझ्या बोटांना हात लावून उठल्या. शेवटी सुषमा होती, माझी सगळ्यात लाडकी. तिने पाहिलं की माझी क्रेपची पट्टी सुटली आहे आणि आतली गॉजची जाळी सरकली आहे. "मॅडम, बांधू का नीट?" मी म्हटलं, "बांध, घट्ट बांध, ह्या सिस्टरांना वेळ कुठाय." तिने फार मायेने आतली जाळी बोटाने सरळ केली आणि पट्टी बांधली.

रिपोर्ट

सातव्या दिवशी थंडी वाजून आली. दात असे आपटत होते की जीभ चावली गेली. आठव्या दिवशी टाक्यांतून पू आला. त्याला एक गोडसर, सडक्या फळासारखा वास होता. अविनाशने वास आल्याचं दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून डबा खोलीबाहेर जाऊन खाऊ लागला.

पू तपासायला गेला. एक औषध चालू झालं, उतार नाही. दुसरं चालू झालं, उतार नाही. ताप वर, पाय टरटरून फुगलेला, कातडी जांभळी. मग रिपोर्ट आला. सर्जननी तो माझ्यासमोर धरला, ते मला आवडलं. डावीकडे औषधांची लांबलचक यादी, आणि प्रत्येक औषधापुढे इंग्रजी आर.

"आर म्हणजे काय?"

"रेझिस्टंट. म्हणजे हे औषध त्या जंतूला पाणी आहे."

"सगळीच?"

त्यांनी बोट खाली खाली नेलं. अगदी तळाशी एकाच औषधापुढे वेगळं अक्षर होतं. "हे एक चालतं. जुनं आहे. मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून आम्ही सहसा वापरत नाही."

"आणि ह्यानेही नाही झालं तर?"

"मग पायाचा विचार करावा लागेल."

मला वाटलं होतं की अशा वेळी माणूस रडतो. मी त्यांच्या हातातला कागद हिसकावून चोळामोळा केला आणि त्यांच्या अंगावर फेकला. "मोडलेलं हाड घेऊन आले होते मी! हे कुठून आलं?" त्यांनी वाकून कागद उचलला, मांडीवर सरळ केला आणि फायलीत लावला.

लाथ

पायातली धातूची पट्टी काढली. आतलं मेलेलं मांस खरवडलं, दोन दिवसांनी पुन्हा खरवडलं, पुन्हा दोन दिवसांनी. हाडात सळ्या घालून त्या पायाबाहेरच्या एका चौकटीला बांधल्या. ऑपरेशनच्या वेळी भूल असायची. ड्रेसिंगच्या वेळी इंजेक्शन असायचं, पण ते कुठलं पुरायला! जखमेत भरलेली जाळी बाहेर ओढताना मांस चिकटून यायचं. मी अविनाशचा दंड चावला आहे. त्याची खूण अजून आहे.

मग विष रक्तात गेलं. पाच दिवस मी अतिदक्षता विभागात होते, त्यातलं थोडंच आठवतं. मला वाटत होतं की मला डांबून ठेवलंय आणि हे लोक माझा पाय विकणार आहेत. मी सलाईन उपटलं. गादीभर रक्त झालं. मनीषा नावाची सिस्टर माझा हात धरायला वाकली तशी मी चांगल्या पायाने तिच्या तोंडावर लाथ मारली. तिचा ओठ फाटला, दोन टाके पडले. तिने मला एक तोंडात द्यायला हवी होती. तिने रुमाल ओठावर दाबला आणि दुसऱ्या हाताने माझा हात खाटेला बांधला.

शुद्धीवर आल्यावर मला हे कळलं. माफी मागितली. ती म्हणाली, "आधी बऱ्या व्हा, मग बघते तुम्हाला." पुढे रोजचं ड्रेसिंग तीच करायची आणि दर वेळी ओठाचे टाके दाखवून म्हणायची, "आज काय विचार आहे?" त्या दवाखान्यात मला हसवणारी ती एकटी.

दादा

माझं माहेर यवतमाळकडचं. मोठा भाऊ, दादा, तिथून आला. तोवर मला वेगळ्या खोलीत हलवलं होतं. दारावर पाटी, आत येणाऱ्याने पिवळा झगा आणि हातमोजे घालायचे, जाताना तिथेच काढून टाकायचे. दादाने दाराच्या काचेतून ते पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. "माह्या बहिनीले हात लावाले मोजे कायले पाहिजे? ते काय महारोगी हाय का?" झगा भिरकावून तो तसाच आत आला आणि मला मिठी मारली. मी ओरडले, "दादा, बाहेर हो!" त्याला वाटलं, तापात बडबडते आहे.

बाहेर काउंटरवर सर्जन सापडले. दादाने त्यांची कॉलर धरली. "पाय नुसता मोडला होता, सडवला कोनं? बोल ना, कोनं सडवला?" आणि त्यांना काउंटरच्या काचेवर ढकललं. काच फुटली. सर्जनच्या कोपरात काच घुसली. सुरक्षारक्षकांनी दादाला जमिनीवर पाडून गुडघे पाठीवर ठेवले. अविनाश मध्ये "अहो, अहो" करत उभा. मी खोलीत आडवी, सगळं ऐकू येत होतं, आणि खरं सांगू? काच फुटली तेव्हा मला बरं वाटलं. कोणीतरी काहीतरी फोडलं ह्याचं सुख झालं.

दुसऱ्या दिवशी सर्जन कोपराला पट्टी बांधून राउंडला आले तेव्हा मात्र लाज वाटली. दादाला दवाखान्याची बंदी झाली. तो फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून राहायचा.

वहीवाल्या बाई

त्यानंतर एक बाई वही घेऊन आल्या. दवाखान्यात जंतू कसा पसरला ते शोधणं हे त्यांचं काम. त्यांनी विचारलं, ऑपरेशननंतर ड्रेसिंगला कोणाकोणाचा हात लागला?

"डॉक्टर, सिस्टर."

"घरचं कोणी? पाहुणे?"

मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात सुषमाची बोटं आठवली. मी विचारलं, "माझ्या शेजारच्या आजींना काय झालं होतं?"

त्यांनी वहीचं मागचं पान उलटलं. "हाच जंतू. आधीच्या दवाखान्यातून घेऊन आल्या असाव्यात. त्यांचा रिपोर्ट तुमच्या ऑपरेशननंतर आला, नाहीतर तुम्हाला तिथे ठेवलंच नसतं."

मी सगळं सांगितलं. ओळीने पाया पडणं, आधी आजींच्या, मग माझ्या, मग जाळी. त्या लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "असं एकावर बोट ठेवता येत नाही. ट्रॉली असेल, नळ असेल. आमचेही हात असतील, आम्हीही दर वेळी धुतोच असं नाही." हे प्रांजळपणे सांगणारी दवाखान्यातली ती पहिली व्यक्ती. पण मला पक्कं ठाऊक आहे. मी स्वतः हुकूम देऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आजींना त्या दिवशी मी मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. संध्याकाळी मनीषाकडून कळलं की त्या चार दिवसांपूर्वीच गेल्या. मी तोंडावर उशी दाबून ओरडले. शिव्या कोणाला द्याव्यात तेच कळेना. आजींना तो जंतू कोणी दिला? त्या आधीच्या कोणीतरी, आणि तो जंतू एवढा निबर केला तो आपण सगळ्यांनी मिळून. माझ्याच गाडीच्या कप्प्यात अँटिबायोटिकच्या अर्ध्या पट्ट्या असायच्या. कोणी शिंकली की "घे गं दोन, बरं वाटेल."

सुषमाला मी हे सांगितलेलं नाही. ती हे वाचेल. सुषमा, तुझी चूक नाही. बांध म्हणून मीच म्हटलं.

कागद

शेवटचं औषध चालू होतं. ओठांना मुंग्या यायच्या, चालत्या गाडीत वाचल्यासारखं गरगरायचं. जखम थोडी कोरडी झाली आणि अविनाश पेढे आणायच्या गोष्टी करू लागला. मग माझं तोंड सुजलं. लघवी कमी झाली. रोज सकाळी रक्त न्यायचे आणि रोज अविनाशचा चेहरा थोडा उतरायचा, पण विचारलं तर म्हणायचा, "सगळं ठीक आहे."

एका सकाळी सर्जन म्हणाले, "तुमच्या घरच्यांशी बोलणं झालंय, औषध चालूच ठेवतोय."

"काय बोलणं?"

त्यांनी अविनाशकडे पाहिलं. अविनाशने जमिनीकडे. हे आपल्याकडे असंच चालतं. पेशंटचा पाय, पेशंटचं पोट, आणि निर्णय होतो जिन्यात, नातेवाइकांत. पेशंटला सांगू नका, धीर सुटेल.

"माझ्याशी बोला," मी म्हटलं. "पाय माझा आहे."

ते स्टूल ओढून बसले आणि सरळ बोलले. हाडात जंतू अजून आहे. औषध आणखी काही आठवडे दिलं तर पाय वाचेलही, पण मूत्रपिंडं बहुधा जातील, आणि कदाचित तुम्हीही. दुसरा मार्ग, गुडघ्याखाली पाय काढायचा आणि औषध थांबवायचं. तुमच्या मिस्टरांनी पाय वाचवायचा म्हणून सही केली आहे.

ते गेल्यावर मी अविनाशला जवळ बोलावलं. तो पिवळ्या झग्यात, मास्क लावून वाकला. मी सगळा जोर लावून त्याच्या थोबाडीत मारली. मास्कची दोरी तुटून एका कानाला लोंबकळली.

"कोणाला विचारून?"

"अजून मार," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज चढलेला होता. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तो आवाज मी ऐकला नव्हता. "तू गाडीत नसलीस की तू घरात कशी असतेस ते मी बघितलंय. कोविडमध्ये बघितलंय. भिंतींवर डोकं आपटायचीस. तुझा पाय काढला तर उरलेली तू मला सांभाळता येईल का? मला भीती वाटली. म्हणून सही केली. जा, मार."

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटत होतं. हातमोजे मधे होते. दादाला फोन लावला. तो टपरीवरच होता. मला वाटलं हा पुन्हा काचा फोडेल. तो म्हणाला, "काढून टाक, बाई. म्या तुले पाठीवर घेऊन फिरीन. पन तू पायजे मले."

"कागद आणा," मी मनीषाला सांगितलं. अविनाशच्या सहीचा कागद मी फाडला आणि दुसऱ्यावर स्वतः सही केली. सही अशी आली की बँकेने परत पाठवली असती.

आदल्या संध्याकाळी मी त्या पायाकडे पाहिलं. सळ्या, भोकं, पिवळा पू, आणि टोकाला माझी तीच बोटं, करंगळी जराशी वाकडी. मी म्हटलं, "चल, निघ आता." आणि मग गुरासारखी रडले. दुसऱ्या दिवशी पाय पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेला. कापलेल्या टोकाचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात कुठलाही जंतू उगवला नाही. औषध थांबलं, आणि तीन दिवसांनी मला भरपूर लघवी झाली. माझी लघवी झाली म्हणून नवरा, सिस्टर आणि फोनवर भाऊ असे तिघं टाळ्या वाजवत होते, हे दृश्य कोणाच्या नशिबी न येवो.

आळंदी रस्ता

पेशंटला भेटायला जाऊ नका. गेलात तर हात धुवा, खाटेवर बसू नका, पट्टीला हात लावू नका, पाया लांबून पडा. सिस्टरने हात धुतले का ते तोंडावर विचारा. रागावली तर रागावू दे. पेशंटला खरं सांगा. माझं ज्ञान एवढंच.

कृत्रिम पाय बसला, आरटीओचे हेलपाटे झाले, शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक डाव्या पायाखाली येईल असा सरकवून घेतला. रिकाम्या मैदानावर महिनाभर सराव केला. मग पहिली विद्यार्थिनी घेतली, प्राजक्ता, बँकेत काम करते. शेजारून गाडी गेली तरी "सॉरी" म्हणते.

अकराव्या दिवशी आळंदी रस्त्याला एका गल्लीतून दुधाचा टेम्पो रिव्हर्समध्ये, न बघता, सरळ आमच्या अंगावर आला. मी ब्रेक मारला. टाच रोवून, बोटांचा जोर लावून, करंगळीपर्यंत सगळी ताकद घालून. उजव्या पायाने. मला पेडलचा थंडपणासुद्धा तळव्याला लागला.

गाडी थांबली. टेम्पोचं फळकूट बॉनेटपासून वीतभर.

मी खाली पाहिलं. डावा पाय जागचा हललाच नव्हता. माझं पेडल मात्र आपोआप खाली दबलेलं होतं, कारण दोन्ही ब्रेक एकाच तारेला असतात. प्राजक्ताचा पाय तिच्या ब्रेकवर होता आणि डोळे टक्क उघडे.

"मॅडम, मी मारला," ती म्हणाली. "बरोबर मारला ना?"

"बरोबर मारलास," एवढंच मी म्हणू शकले. मग मी माझ्या शिकाऊ गाडीत, भर रस्त्यात, हुंदके देऊन रडले, आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत राहिले.